कागद, सोडा आणि दोरा: ख्रिसमसची सजावट हाताने करताना

ख्रिसमसची सजावट हाताने करायची ठरली की कामाचा क्रम आपल्या आवडीवर ठरत नाही, वाळण्याच्या वेळेवर ठरतो. म्हणून आम्ही सुरुवात नेहमी पांढऱ्या पिठाच्या लटकनांनी करतो. ती लाटून जाळीवर ठेवली की दोन दिवस त्यांचं काही काम नसतं, आणि तेवढ्या वेळात कागदाचं बरंचसं उरकतं. उलट क्रमाने गेलं तर कागदी तारे तयार होऊन बसतात आणि शेवटच्या दिवशी ओली लटकनं ओव्हनमध्ये घाईने सुकवावी लागतात. तिथेच ती तडकतात.

पिठाचं प्रमाण सोपं आहे. खाण्याचा सोडा दोन कप, कॉर्नफ्लोअर एक कप, पाणी दीड कप. तिन्ही थंड असतानाच जाड बुडाच्या भांड्यात गुठळी न राहता कालवायचं आणि मगच मंद आचेवर ठेवायचं. सुरुवातीला मिश्रण दुधासारखं पातळ असतं आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मग एकदम बुडाशी घट्ट व्हायला लागतं. तिथून पुढे हात थांबवायचा नाही. गोळा भांड्याची कड सोडून चमच्याभोवती जमला, पण वरून अजून ओलसर चमक आहे, अशा वेळी आच बंद करायची. चमक पूर्ण जाईपर्यंत शिजवलं तर पाणी जास्त उडतं, लाटताना कडा फाटतात आणि ती भेग वाळल्यावर रुंदावते. गोळा ताटात काढून वर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं झाकायचं. फडकं नसेल तर पाच मिनिटांत वर पापुद्रा धरतो आणि तो मळताना आत जाऊन खडे होतात.

कोमट झाल्यावर चार-पाच मिनिटं मळायचं आणि कॉर्नफ्लोअर भुरभुरून लाटायचं. जाडी ५ ते ६ मिलिमीटर. अंदाज चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या दोन काड्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवावं. ३ मिलिमीटरचं लटकन दिसायला नाजूक असतं, पण ते हमखास वाकतं. वरची बाजू आधी वाळून आकसते, खालची ओलीच असते, त्यामुळे कडा वर उचलल्या जातात. त्याला उपाय दोन: जाळीवर वाळवणं, म्हणजे हवा खालूनही लागते, आणि दर सहा-आठ तासांनी उलटणं. पंख्याखाली किंवा कडक उन्हात ठेवू नये. भोक ओल्या पिठातच पाडायचं, शीतपेयाच्या नळीने, कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत. वाळल्यावर दाभणाने भोक पाडायला गेलं की लटकन दोन तुकडे होतं.

दोन दिवसांनी कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण कापलेल्या कडेवरचे बारीक तंतू आणि कंगोरे निघाले नाहीत तर रंग दिल्यावर ते जास्तच उठून दिसतात. घासण्याची धूळ कोरड्या ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची नाही.

मैदा दोन कप, बारीक मीठ एक कप आणि पाऊण ते एक कप पाणी असंही पीठ करतात. त्याला शिजवावं लागत नाही, पण भाजावं लागतं: १०० ते १२० अंश सेल्सिअसला दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. आच वाढवली तर आतल्या वाफेने ते फुगतं आणि पृष्ठभागावर फोड येतात. रंग मातकट बदामी येतो, तो काही आकारांना शोभतोही. खरी अडचण पुढे असते. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतल्या कडेलाही वॉर्निशचे दोन हात दिले नाहीत तर दमट हवेत लटकन मऊ पडून दोऱ्यावरून सुटतं. घरात कुत्रा असेल तर ही लटकनं त्याच्या तोंडापासून दूर ठेवावीत. एवढं मीठ त्याच्या पोटात गेलं तर ते विषच आहे.

आता कागद. इथे सगळी सफाई घडी घालण्याआधी ठरते, कापताना. घड्या कितीही निगुतीने घातल्या तरी पट्ट्यांच्या रुंदीत फरक असेल तर तारा वाकडाच होतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. त्यामुळे स्टीलची फूटपट्टी, नवं पातं लावलेला कटर आणि खाली कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा, एवढं चांगलं हवं. कात्रीने लांब सरळ पट्टी निघत नाही. पातं बोथट झालं की ते कागद कापण्याऐवजी ओढतं आणि कडेला केसाळ तंतू राहतात. एका जोरदार रेघेपेक्षा हलक्या दोन रेघा बऱ्या.

दुसरी गोष्ट, कागदाला दिशा असते. यंत्रावर कागद तयार होताना तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात. ती दिशा ओळखायला पान न मोडता आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवून बघायचं. ज्या बाजूने ते सहज वाकतं, त्या वाकण्याची रेघ तंतूंना समांतर असते. तंतूंना समांतर घातलेली घडी गुळगुळीत येते. आडवी घातली तर जाड कागदावर बारीक भेगा पडून आतला पांढरा रंग डोकावतो. पातळ कागदात याने फारसं अडत नाही. पुढे येणाऱ्या शंकूंच्या ताऱ्यात मात्र याच्यावाचून चालतच नाही.

चार पट्ट्यांचा विणलेला तारा हा आमच्या मते कागदी सजावटीतला सर्वांत सुंदर प्रकार. त्याला ना गोंद लागतो ना पिन. बालवाडीची कल्पना रुजवणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यांच्या शिक्षणपद्धतीत कागदाच्या घड्या आणि विणकाम यांना मोठी जागा होती. तयार ताऱ्याला सोळा टोकं असतात: आठ कडेने चपटी, चार पुढे आणि चार मागे उभे शंकू.

पट्टीची लांबी रुंदीच्या तीसपट लागते. ए-फोर कागदाच्या लांबीतून १ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढल्या की हे प्रमाण जवळपास आपोआप मिळतं, आणि तारा सुमारे साडेचार सेंटिमीटरचा होतो. दीड सेंटिमीटरची पट्टी ४५ सेंटिमीटर लांब हवी, तारा साडेसहाच्या आसपास होतो. शिकताना दीड सेंटिमीटरचीच घ्यावी, एक सेंटिमीटरमध्ये बोटं फटीत शिरत नाहीत. कागद ८० ते १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), दोन्ही बाजूंनी रंगीत. एका बाजूने रंगीत कागद घेतला तर शंकूंमध्ये कुठेतरी पांढरी बाजू दिसते. १२० च्या वरचा कागद शेवटच्या टप्प्यात इतका दाटतो की फटीतून सरकेनासा होतो, आणि जोर लावला की विण फाटते.

चारही पट्ट्या मधोमध दुमडायच्या आणि मोकळी टोकं तिरकी कापून अणकुचीदार करायची. तिरका काप विसरू नये. बोथट टोक फटीत घालताना चुरगळतं आणि एकदा चुरगळलं की ते पुढे जात नाही. आता विण. पहिली पट्टी दुसरीच्या दोन पदरांच्या मध्ये, दुसरी तिसरीच्या पदरांमध्ये, तिसरी चौथीच्या पदरांमध्ये, आणि चौथीची टोकं पहिलीच्या दुमडीतून बाहेर. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीशी काटकोनात. मग चारही बाजू आळीपाळीने थोड्याथोड्या ओढत मध्ये चार घरांचा घट्ट चौकोन जमवायचा. एकच बाजू पूर्ण ओढून घेतली तर चौकोन तिरपा बसतो. चारही घरं बंद दिसली, मध्ये उजेडाची फट राहिली नाही, की चौकोनावर नखाने दाब द्यायचा.

प्रत्येक बाजूला आता दोन पदर एकावर एक आहेत. फक्त वरचा पदर चौकोनावरून उलट मोडायचा, मग घड्याळाच्या उलट दिशेने पुढचा, मग त्यापुढचा, आणि चौथा पहिल्याच्या खालून सरकवायचा. इथे दुसरी विण तयार होते. सगळं जमलं असेल तर प्रत्येक बाजूला आता दोन पदर शेजारीशेजारी दिसतात, एकूण आठ. कुठल्या बाजूला तीन आणि कुठे एक दिसत असेल तर शेवटचा पदर खालून न जाता वरूनच गेलेला असतो. तो सोडवून पुन्हा घालावा, पुढे तसंच गेलं तर चपट्या टोकांना आधार राहत नाही.

चपटी टोकं करताना तारा टेबलावरच ठेवावा. वरच्या बाजूचा उजवा पदर मागे ४५ अंशांत मोडून उजवीकडे न्यायचा, मग पुढे ४५ अंशांत मोडून सरळ खाली आणायचा. टोकाशी त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणाची मधोमध घडी घालून उजवी बाजू डावीवर आणायची आणि खाली आलेली शेपटी लगतच्या घराच्या फटीत सरकवायची. तारा पाव फेरा फिरवून तेच, असं चारदा. मग तारा उलटून मागचे चार. घड्या ४५ अंशांत बसल्यात की नाही हे पाहायला एक सोपी खूण: पदराची कड चौकोनाच्या कडेला नेमकी समांतर दिसली पाहिजे. एका मिलिमीटरचा फरकही त्रिकोणाचं टोक बाजूला नेतो, आणि आठ टोकांमध्ये एक बाजूला गेलेलं असलं तर डोळा तिथेच जातो.

शंकूंनाच बहुतेक जण अडकतात. पट्ट्यांच्या त्याच आठ शेपट्या आता दुसऱ्यांदा वापरायच्या आहेत. एक शेपटी उचलून मागे न्यायची, तिला अर्धा पीळ देऊन वळसा घालायचा आणि तिचं टोक शेजारच्या घराच्या फटीतून असं आत ढकलायचं की ते आधी केलेल्या चपट्या टोकाच्या आतून बाहेर निघेल. मग हळूहळू ओढायचं. वळसा आवळत जातो आणि शंकू उभा राहतो. पीळ उलट दिला तर शंकू उभाच राहत नाही, वळसा आडवा पडतो. तेव्हा शेपटी बाहेर काढून दुसऱ्या बाजूने पीळ द्यायचा. ओढताना शंकूच्या आत पेन्सिलीचं टोक धरावं, म्हणजे जास्त आवळला जाऊन चपटा होत नाही. शेपटी आत जायला तयार नसेल तर फट बोथट सुईने अलगद उचलावी. ओलं बोट कागदाला लावू नये, तिथे तो लगेच मऊ पडून फाटतो. चार शंकू झाल्यावर तारा उलटायचा. आता तो सपाट बसत नाही, म्हणून वाटीच्या तोंडावर टेकवून मागचे चार करायचे. शेवटी बाहेर आलेली टोकं चपट्या त्रिकोणाच्या कडेला लागून कात्रीने छाटायची. आधी छाटू नयेत. पूर्ण तारा हातात घेऊन प्रत्येक शंकू पाहून झाला की मगच.

हे तारे मेणात बुडवायची पद्धत आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. पांढरं मेण थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही. मोठ्या भांड्यात पाणी आणि त्यात मेणाचं छोटं भांडं, असं वितळवायचं, आणि वितळत असताना जागा सोडायची नाही. तारा चिमट्यात धरून एक-दोन सेकंद बुडवून काढायचा, थेंब झटकायचे, हवी असेल तर मेण ओलं असतानाच चमकी भुरभुरायची. मेण थंड असेल तर जाड पांढरट थर बसतो आणि शंकू भरून जातात. मेण पुरतं पातळ असताना बुडवलेल्या ताऱ्यावर ते कागदात मुरतं, रंग गडद होतो आणि तारा कडक होतो. चमकदार फॉइलच्या कागदात मेण मुरत नाही, ते वर थरासारखं राहून पुढे सोलवटतं, म्हणून फॉइलचे तारे तसेच ठेवावेत.

दोन रंगांचं विणलेलं हृदय ही डेन्मार्कची परंपरा. त्यातलं आज टिकून असलेलं सर्वांत जुनं हृदय लेखक हान्स क्रिश्चियन अँडरसन यांनी १८६० मध्ये केलेलं मानलं जातं. दोन्ही रंगांच्या ८ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर लांब पट्ट्या घेऊन मधोमध दुमडल्या की ८ बाय साडेबाराचा दुपदरी तुकडा होतो. मोकळ्या बाजूला ४ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापायचं. दुमडीच्या बाजूने दर २ सेंटिमीटरवर तीन चिरा द्यायच्या, म्हणजे चार पट्टे होतात. चिरेची लांबी ८ नाही, साडेआठ सेंटिमीटर ठेवायची. नेमकी ८ ठेवली तर शेवटचा पट्टा विणायला जागाच उरत नाही, आणि बहुतेक हृदयं तिथेच फाटतात.

यातली विण टोपलीसारखी वर-खाली नसते. पट्टा दुसऱ्या पट्ट्याच्या दुमडीच्या आतून जातो, नाहीतर त्याला आपल्या पोटात घेतो. आतून, पोटात, आतून, पोटात. पुढचा पट्टा उलट सुरू करायचा. हे पाळलं तर शेवटी हृदय पिशवीसारखं उघडतं. उघडत नसेल तर कुठेतरी पट्टा नुसता वरून गेला आहे. गुळगुळीत, ९० ते १०० जीएसएमचा कागद इथे बरा. खरखरीत कागद सरकत नाही. अडकवायला १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी दोन्ही बाजूंच्या आत गोंदाने लावायची.

आता मोठा कंदीलतारा. पंचवीस शंकूंचा हा तारा मोरेवियन ख्रिस्ती पंथाच्या जर्मनीतल्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या तासाला तयार झाला, असं त्याचं मूळ सांगितलं जातं. भूमिती त्यात खरोखर आहेच. मधला पोकळ गाभा म्हणजे १८ चौरस आणि ८ समभुज त्रिकोण अशा २६ बाजूंचा घन. त्यातली एक चौरस बाजू दिव्यासाठी मोकळी ठेवायची, उरलेल्या २५ बाजूंवर शंकू. म्हणजे चौकोनी पायाचे १७ आणि त्रिकोणी पायाचे ८. सगळ्यांच्या पायाची बाजू सारखी असली पाहिजे.

पायाची बाजू ४ सेंटिमीटर आणि शंकूची तिरकी कड १२ सेंटिमीटर घेतली तर तयार तारा टोकापासून टोकापर्यंत ३३ सेंटिमीटरचा होतो. आखणी कर्कटकाने करावी, कोनमापकाने नको. १२ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढायचा, कर्कटक ४ सेंटिमीटरवर लावून कंसावर चार टप्पे मारायचे, खुणा एकमेकींना आणि केंद्राला सरळ रेघांनी जोडायच्या. झाला चौकोनी शंकूचा नकाशा. त्रिकोणी शंकूला चारऐवजी तीनच टप्पे. दोन्ही शंकूंची उंची अनुक्रमे ११.७ आणि ११.८ सेंटिमीटर येते, हा फरक डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक पायाच्या बाजूला ८ मिलिमीटरची आणि एका तिरक्या बाजूला तेवढीच जास्तीची कड चिकटवण्यासाठी ठेवायची. पायाच्या कडांची टोकं चौकोनी शंकूत ४५ अंशांत छाटायची, त्रिकोणीत त्याहून तिरकी, नाहीतर त्या आत एकमेकींवर आपटतात. दोन नकाशे उलटसुलट लावले की एका ए-फोर पानात बसतात. म्हणजे चौकोनी शंकूंना ९ आणि त्रिकोणींना ४, एकूण १३ पानं. दोन-तीन जास्तीची असावीत.

प्रत्येक शंकूचा नकाशा वेगळा आखण्याऐवजी दोन्हींचा एकेक नमुना जाड पुठ्ठ्यावर अचूक कापायचा आणि त्याभोवती टोकदार पेन्सिल फिरवायची. दर वेळी मूळ पुठ्ठाच वापरायचा. कापलेल्या कागदावरून पुढचा कागद आखला तर पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळी वाढत जाते. इथे अर्धा मिलिमीटर कमी वाटतो, पण मधल्या रांगेत आठ चौरस गोल जोडले जातात, आणि प्रत्येकी अर्धा मिलिमीटर धरला तरी शेवटच्या जोडाला ४ मिलिमीटरची फट उरते. ती ओढून चिकटवली की अख्खा तारा पिळतो.

कागद १२० ते १६० जीएसएमचा. याहून पातळ कागदाचे शंकू मान टाकतात, जाड कागदातून उजेड येत नाही. पान खिडकीवर धरून बघावं, मागच्या बोटांची सावली दिसली पाहिजे. तंतूंची दिशा शंकूच्या उंचीशी साधारण समांतर ठेवायची. घड्या थेट मोडायच्या नाहीत. शाई संपलेल्या बॉलपेनने फूटपट्टीच्या आधाराने रेघ दाबायची, मग मोडायची. शंकूच्या टोकाशी चार घड्या एकत्र येतात, तिथे कागद गोळा होतो. जास्तीची कड टोकाजवळ एक सेंटिमीटरपर्यंत निमुळती केली की टोक टोकदार राहतं.

पांढऱ्या गोंदात पाणी असतं आणि ते कागदाला फुगवतं. जास्त लावला की जोडाशेजारी सुरकुत्या येतात आणि उजेडात त्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. टूथपिकने पातळ थर पसरायचा, तीस सेकंद दाबून धरायचं. शंकूचा उभा जोड लावताना आत लांब पेन्सिल घालून तिच्यावर दाबावं. सगळे शंकू करून तासभर सुकू द्यावेत. ग्लू गन इथे वापरू नये, तिचा थर जाड बसतो आणि बाजूची लांबी बदलते.

जोडणी खालून वर करायची. एक चौकोनी शंकू मध्ये, त्याच्या चारही बाजूंना चौकोनी शंकू, आणि त्यांच्या मधल्या चार कोपऱ्यांत त्रिकोणी. कडा आत मोडलेल्या असतात, त्या समोरासमोर चिकटवायच्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या. यावर आठ चौकोनी शंकूंची रांग: चार खालच्या चौरसांवर, चार त्रिकोणांवर. ही रांग अर्धवट असताना तारा ढिला आणि बेढब दिसतो, आठवा शंकू लागला की गाभा एकदम ताठ होतो. त्यावर पुन्हा चार चौकोनी आणि त्यांच्यामध्ये चार त्रिकोणी, आळीपाळीने. माथ्याला ४ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी उरते. शेवटचे दोन-तीन जोड या खिडकीतून दोन बोटं घालूनच दाबावे लागतात, म्हणून शेवटचा शंकू चौकोनी नव्हे तर त्रिकोणी ठेवावा. त्याला तीनच जोड असतात. आतले चिमटे खिडकी बंद व्हायच्या आत काढून घ्यायला विसरू नये.

खिडकीच्या कडेला आतून पुठ्ठ्याची चौकट चिकटवायची आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडून दोरा ओवायचा. एकाच कोपऱ्याला दोरा बांधला तर तारा तिरका लोंबतो आणि महिनाभरात तिथली कड सुटते. दिवा एलईडीचाच, शक्यतो बॅटरीवर चालणारी बारीक माळ. गाभ्याची आतली रुंदी साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास आहे, तिथे तापणारा कोणताही बल्ब कागदाच्या फार जवळ येतो. मेणबत्तीचा तर प्रश्नच नाही. माळ गाभ्यात गोळा करून टाकण्यापेक्षा जाळीच्या कापडात सैल गुंडाळून टाकावी, म्हणजे दिवे एका बाजूला घसरत नाहीत आणि सगळे शंकू सारखे उजळतात.

पाइनचे कोन, म्हणजे त्या झाडाची खवलेदार सुकी बोंडं, वापरायचे असतील तर ते आधी स्वच्छ करून ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर अर्धा तास ठेवावेत, आणि त्या वेळात तिथेच थांबावं. आतले किडे मरतात, राळ वितळून चिकटपणा जातो आणि मिटलेले खवले उघडतात. ओलं झालं की ते पुन्हा मिटतात, कारण खवल्याचे दोन थर पाण्याने वेगवेगळे फुगतात. म्हणूनच रंग पाण्यात फार पातळ करू नये; नाहीतर रंगवताना उघडा असलेला कोन तासाभरात अर्धा मिटलेला सापडतो. फक्त खवल्यांच्या टोकांना कोरड्या ब्रशने पांढरा रंग टिपला तरी पुरतं, आणि दिसायलाही पूर्ण रंगवलेल्यापेक्षा ते चांगलं दिसतं.

टांगण्याचा दोरा प्रत्येक वस्तूच्या वजनाप्रमाणे घ्यावा. विणलेल्या ताऱ्याला साधा शिवणाचा दोरा पुरतो. सुईने दोन चपट्या टोकांच्या मधून ओवला की शंकू समोर राहतात. पिठाच्या लटकनांना मेणाचा हात दिलेली सुती दोरी बरी, कारण नायलॉनची बारीक तार भोकाची कड हळूहळू खाते. झाडावर लावताना जड वस्तू फांदीच्या बुंध्याकडे, कागदी तारे टोकांकडे. पाने आणि तारे एकमेकांना टेकत असतील तर दोरा दोन सेंटिमीटर वाढवावा. वारा लागून घासणाऱ्या टोकांचा रंग उडतो.

आवरताना विणलेले तारे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात ठेवता येतात. मेणाचे तारे गरम माळ्यावर ठेवू नयेत, ते एकमेकांना चिकटतात. पिठाची लटकनं टिश्यू पेपरमध्ये वेगवेगळी गुंडाळून, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून झाकण घट्ट लावावं. कंदीलतारा दाबून चपटा होत नाही, त्याला स्वतःचं खोकं लागतं: आतून निदान ३५ सेंटिमीटर, आणि बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवलेल्या.